माळवदाचं चित्र

‘देखावा काढा’ म्हटलं की आमच्या अख्ख्या वर्गाचं चित्र एकच असायचं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणाची नदी, उतरत्या कौलांचं घर आणि शेजारी नारळाचं झाड. शाळा लातूर जिल्ह्यातली. भोवती काळं रान, बाभळी, लिंब आणि माळवदाची सपाट घरं. तरी हात कोकणाकडेच वळायचा. चित्रात शोभतं ते दुसरीकडचंच, हे कुणी न शिकवताच आम्हाला पटलेलं होतं.

मला चित्रांचं वेड लावलं ‘चांदोबा’ मासिकानं. विक्रम-वेताळाची चित्रकार शंकर यांची चित्रं मी वहीच्या मागच्या पानांवर पुन्हा पुन्हा उतरवायचे. दिवाळी अंकांवरचे चित्रकार दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर तर घरचेच वाटायचे. दोघंही मूळचे गोव्याचे. मग आपल्या बोडक्या माळाकडे इतक्या मायेनं कोण बघणार, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे.

परीक्षेतल्या गुणांसाठी गाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’च्या मुलखात चित्रकलेचं मोल दहावीच्या वाढीव गुणांपुरतं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा झाल्या की रंगपेटी फळीवर जाते. घरच्यांना माझ्या पोटापाण्याची काळजी होती आणि ती रास्त होती. पण नांदेडात राहून चित्रकार नयन बाराहाते पुस्तकांची मुखपृष्ठं करतात हे कळलं आणि मला धीर आला. हे काम आपल्याकडेही होतं तर!

माझं पहिलं काम नांदेडहूनच आलं, एका बालकथेच्या चित्रांचं. गोष्टीतली आजी दुपारी माळवदाखाली नातवाला निजवते. मी आजोळ आठवत बसले. दगडमातीची रुंद भिंत, लाकडी खांब, तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. छताला उजेडासाठी ठेवलेलं एक भोक. त्यातून उतरणारा उन्हाचा झोत काढायचा तर तिथं काहीच काढायचं नसतं. कागद कोरा ठेवायचा आणि भोवतीचा अंधार काळ्या शाईच्या बारीक रेघांनी भरत आणायचा. त्या अंधारात गारवा जाणवेपर्यंत मी रेघा मारत राहिले.

ते छत काढताना दुसरी गोष्टही विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच जड छतं आणि दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसं गेली. गावंच्या गावं उठून नव्या जागी वसली. उन्हाळ्यात माया करणारं घर त्या रात्री वैऱ्यासारखं वागलं. आज तिथल्या मुलांनी माळवद पाहायचं तर ते बहुधा पुस्तकातच. म्हणून माझ्या चित्रात त्याचा गारवाही यावा आणि त्याचं ओझंही, यासाठी मी धडपडते.

लहानपणी चित्र आवडतं कारण ते दूरचं जग हातात देतं. त्या आवडीचा पेशा झाला तेव्हा मला स्वतःचं अंगण काढायचं धाडस आलं. मराठवाड्यातल्या चित्रकलेच्या शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे, की पोरांना कौलारू घर जरूर काढू द्या, पण त्याआधी त्यांना आपल्या घरासमोर वही घेऊन बसवा. आपलं घर चित्रात येण्याच्या लायकीचं आहे, हे त्यांना वेळेवर कळू द्या.