दोन टोकांची वही

आपल्या कथा-कादंबऱ्यांतील परिचारिका बहुधा पांढऱ्या वेषात येते, रुग्णाच्या कपाळावर हात ठेवते आणि कथानकातून निघून जाते. तिलाही घर असते, पगाराची तारीख असते, याची दखल क्वचितच घेतली जाते. हा दोष इतरांच्या माथी मारण्याचा आमचा हेतू नाही; तो आमच्याच लेखणीतून कसा घडला, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

आम्ही उभयता मराठीचे अध्यापक. पुण्यात आमच्या समोरच्याच घरात एक निवृत्त मल्याळी परिचारिका राहतात. सगळी इमारत त्यांना ‘सिस्टर’ म्हणते, आम्हीही. कोट्टयमजवळच्या एका खेड्यातून वयाच्या अठराव्या वर्षी त्या नर्सिंग शिकण्यासाठी महाराष्ट्रात आल्या आणि 1979 साली कुवेतला गेल्या. केरळातील ख्रिस्ती कुटुंबांतून अशा हजारो मुली मुंबईला, आखाताला, जर्मनीला, अमेरिकेला गेल्या. ज्या काळी अनेक सुखवस्तू घरांत हा पेशा हलका मानला जाई, त्या काळी या मुलींच्या पगारावर घरे उभी राहिली.

सिस्टरांशी झालेल्या गप्पांवरून आम्ही एक लेख सिद्ध केला. शीर्षक दिले ‘त्यागमूर्ती’. दोन धाकट्या बहिणींची लग्ने, भावाचे शिक्षण, कौलारू घराच्या जागी पक्के घर, सारे त्यात होते. छापावयास देण्यापूर्वी तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “टीचर, त्याग लिहू नका. मी नोकरी केली.” मग आतून एक जाड वही घेऊन आल्या.

वही एका टोकाने उघडली की हिशेब: कोणत्या महिन्यात घरी कितीचा ड्राफ्ट पाठवला आणि तो कशासाठी खर्च झाला. दुसऱ्या टोकाने उघडली की प्रार्थनेची यादी. कुवेतमध्ये रविवार हा कामाचा दिवस. त्यामुळे तेथील ख्रिस्ती लोक शुक्रवारी उपासनेला जमतात. नाइट ड्यूटी संपवून सिस्टर थेट मिस्साला जात आणि त्या आठवड्यातील रुग्ण या यादीत लिहीत. नावे नव्हेत, खाटांचे क्रमांक. “अरबी नावं मला नीट लिहिता येत नव्हती,” त्या म्हणाल्या, “देवाला नंबर पुरतो.”

ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत व्यापले. त्यानंतर अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून अधिक भारतीय मायदेशी आणले. बसने बगदादमार्गे अम्मान गाठलेल्यांत सिस्टरही होत्या. या घटनेवर 2016 साली ‘एअरलिफ्ट’ हा हिंदी चित्रपट आला. त्याचा नायक एक व्यावसायिक आहे. सिस्टरांच्या वहीत त्या काळाखाली तीनच क्रमांक आहेत: ज्यांना वॉर्डात सोडून निघावे लागले, त्या रुग्णांचे. जपमाळ हाती घेतली की ते क्रमांक आजही त्यांच्या ओठांवर येतात.

एक नोंद मात्र वहीच्या कोणत्याच टोकाला नव्हती. सिस्टरांची मुलगी गावी आजीजवळ वाढली. दोन वर्षांनी सुटीवर गेल्या की ती त्यांना ‘चेची’, म्हणजे ताई, म्हणून हाक मारी, ‘अम्मा’ आजीला. हे त्यांनीच पूर्वी सांगितले होते आणि आमच्या लेखाचा शेवट आम्ही त्यावरच केला होता. आम्ही विचारले, “मग हाही त्याग नव्हे काय?”

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “त्याग म्हटलं की ते चांगलं होऊन जातं. ते चांगलं नव्हतं. त्याची मी रोज माफी मागते.”

लेख आम्ही मागे घेतला. एका शब्दाने आम्ही त्यांचे श्रम पुसले होते आणि त्यांचे दुःखही सुंदर करून टाकले होते. कुटुंब आणि श्रद्धा यांनाच सर्वस्व मानणाऱ्या स्त्रीला एकतर वंदनीय ठरवावे किंवा बिचारी, याखेरीज तिसरी वाट आमच्या वाचनाने आम्हांस दाखवली नव्हती. किंवा ती आम्ही पाहिली नव्हती. आता वर्गात एखाद्या आत्मचरित्राविषयी विद्यार्थी ‘त्यागमयी’ असे लिहितात, तेव्हा आम्ही तो शब्द खोडत नाही. त्यांना एवढेच विचारतो, की हा शब्द तिचा आहे की तुमचा?