हिराईच्या चांद्यात एक दिवस

मैत्रिणींनो, हिंगणघाटहून बल्लारशाहच्या गाडीत बसलं की चंद्रपूर फार तर दोन तासांवर. तरी लग्नानंतर बारा वर्षं मी ते गाव गाडीच्या खिडकीतूनच पाहिलं! यंदा पौषात मात्र दशम्या नि ठेचा बांधून घेतला आणि सासूबाई नि लेकीसह निघालेच.

गोंड राजांचं हे जुनं चांदा. गावाभोवती दगडी परकोट. त्याला जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, शिवाय ‘खिडकी’ म्हणतात ती पाच लहान दारं. दरवाज्यावर हत्तीवर चढलेला सिंह कोरलाय. तटाच्या सावलीला आजही संसार थाटलेले, वाळवणं घातलेली!

अचलेश्वर दरवाज्याजवळ राजा बीरशहाची समाधी आहे. ती बांधवली राणी हिराईनं. १७०४ च्या सुमारास राजा गेला. तिनं रामशहाला दत्तक घेतलं आणि तो लहान म्हणून राज्याचा कारभार स्वतः पाहिला. महाकालीचं देऊळही तिनंच बांधवलं.

लेकीला हे सांगत होते, तर सासूबाई समाधीच्या दगडावर हात ठेवून उभ्या. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचं कुंकू गेलं. म्हणाल्या, “पाय, तिनं राज चालवलं. मले त् शेताचा हिशोबबी कोनं दाखवला नाही.”

मला काही बोलता आलं नाही. यंदा कापसाचा हिशोब त्यांच्यापुढे बसूनच करायचा, एवढं मात्र ठरवलं.

तुम्हीही जा. फक्त उन्हाळा टाळा, चांद्याचं ऊन सोसवत नाही. आणि हो, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला आवर्जून सोबत न्या.