डोलकाठीचा पाय

समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेल्या गावी बसून शिडाच्या होडीविषयी लिहावे, हे वाचकांना काहीसे विपरीत वाटेल. परंतु ज्यांनी बंगळुरात चार वर्षे काढली आहेत त्यांना हे ठाऊक असते की, अलसूर तलावाच्या पाण्यावर अधूनमधून शिडे दिसतात. तलावाच्या शेजारीच मद्रास सफरमैनांची छावणी आहे. सैन्यातल्या अभियंत्यांना शिडाचा नाद जुना. त्यांनीच 1985 ते 1987 या काळात ‘तृष्णा’ नावाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. आम्हां मराठी नोकरदारांचे या शहराशी नाते तर त्याहून पुरातन. 1638 मध्ये विजापूरच्या फौजांनी हे गाव घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी माणसाने येथे कामावर यावे आणि हुकूम येताच बिऱ्हाड उचलावे, ही रीत आमच्यापासून सुरू झालेली नाही.

आमचे एक स्नेही सैन्यात मेजर आहेत. मूळचे मालवणकडचे, वयाने आमच्याहून पुष्कळ लहान. आम्ही त्यांना मेजरसाहेब म्हणतो, ते आम्हांला काका म्हणतात. मोडीत निघालेली एक जुनी प्लायवूडची होडी त्यांनी हौसेने घेतली होती. तिच्यावर छावणीतली मुले शिकावीत हा त्यांचा बेत. होडीने पूर्वी काही वर्षे खाऱ्या पाण्यात काढली होती. रंग मात्र नवा होता. एका रविवारी तिची डोलकाठी उतरवून ते काठीच्या पायाची पट्टी उचकटीत बसले होते आणि आम्ही शेजारी चहा पीत बसलो होतो.

शीड सर्वांना दिसते, काठीही दिसते. काठी कशावर उभी आहे हे सहसा कोणी पाहत नाही. पुष्कळशा लहान होड्यांत ती तळापर्यंत जातच नाही. डेकवर धातूची एक पट्टी असते, तिच्यावर काठीचा पाय टेकलेला असतो. पुढे एक आणि दोन्ही बाजूंना एकेक अशा तारांनी ती ताणून धरलेली असते. या तारा काठीला सावरतात, पण सावरताना तिला खालीही दाबतात. वाऱ्याच्या दिवशी हा दाब काठीच्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. म्हणून डेकखाली नेमका त्याच जागी एक खांब किंवा आडवे लाकूड द्यावे लागते. उलट शीड चढवण्याचे दोर ज्या कप्प्यांतून वळतात त्या बहुधा त्याच पट्टीला जोडलेल्या असतात, आणि त्यांची ओढ वरच्या दिशेने असते. एकाच हातभर जागेला काठी खाली रेटते आणि दोर वर उपसतात. मध्ये बिचारे स्क्रू!

ते स्क्रू निघाले तेव्हा आम्ही चकित झालो. माथे आरशासारखे चकचकीत, आणि आतले अंग उंदराने कुरतडल्यासारखे बारीक. मेजरसाहेबांनी कारण सांगितले. न गंजणाऱ्या पोलादाचे रक्षण त्याच्या पृष्ठावरचा एक अतिसूक्ष्म थर करतो, आणि तो थर टिकण्यास हवेतला प्राणवायू लागतो. ओल्या लाकडात हवेविना कोंडून पडले, त्यात मिठाचा अंश आला, की हेच पोलाद आतून खाल्ले जाते. त्यांनी सळई टोचली. डेकचे लाकूड काळे पडून चिंध्यांसारखे निघाले. भोकांतून झिरपलेले पाणी वर्षानुवर्षे तेथे मुरले होते.

त्याच आठवड्यात मेजरसाहेबांच्या बदलीचा हुकूम आला. तीन आठवड्यांत ईशान्येकडे रुजू व्हायचे होते.

आता सोपा मार्ग कोणालाही सुचला असता. जुन्या भोकांत जाड आणि लांब स्क्रू पिळावेत, वर रंगाचा हात फिरवावा. अर्ध्या तासाचे काम. बदलीच्या माणसाचा संसार याच तत्त्वावर चालतो. सरकारी घराच्या भिंतीत आम्ही पक्का खिळा ठोकत नाही, अंगणात आंबा लावत नाही. लावतो ती सदाफुली. मागे येणारा त्याचे पाहून घेईल.

मेजरसाहेबांनी सोपा मार्ग घेतला नाही. कुजके लाकूड निरोगी भागापर्यंत कापून काढले आणि ती जागा दहा दिवस वाळू दिली. नवे लाकूड बसवले. बोल्टासाठी भोके हवी त्याहून मोठी पाडली, ती इपॉक्सीने भरली आणि ते घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध पुन्हा बारीक भोक पाडले, म्हणजे पुढेमागे पाणी झिरपलेच तरी लाकडाला शिवणार नाही. खालून सागाची फळी, तिच्याखाली पोलादाची रुंद पट्टी, आणि स्क्रूऐवजी आरपार बोल्ट. आम्ही न राहवून म्हटले, “मेजरसाहेब, आपण तर चाललात. इतके कशासाठी?”

ते डेकखालून मान न काढताच म्हणाले, “काका, वरून दोन्ही कामं सारखीच दिसतील. पण यात बसणारं पोर खाली वाकून बघणार नाही. ते भरवशावर बसणार.”

डोलकाठी पडणे म्हणजे काय, हे अलसूरच्या तलावावर कळणार नाही. 2018 च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात अभिलाष टॉमी यांच्या ‘तुरीया’ नौकेची डोलकाठी वादळात मोडली. पाठीला जबर इजा होऊन ते सुटका होईपर्यंत नौकेत पडून होते. तोच मनुष्य 2022 साली त्याच शर्यतीत पुन्हा उतरला आणि दुसरा आला. त्यांच्या आधी 2009-10 मध्ये आपल्या दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती नौका गोव्यात, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली. दोंद्यांचे नाव सर्वांच्या तोंडी असते. ज्या हातांनी आतले सांधे भरले ते हात बंदरातच राहिले.

काठी पुन्हा उभी करण्याआधी मेजरसाहेबांनी तिच्या पायाखाली रुपयाचे एक नाणे ठेवले. ही चाल दर्यावर्दी लोकांत फार जुनी आहे. लंडनला टेम्स नदीच्या गाळात 1962 साली रोमन काळातले एक जहाज सापडले. त्याच्या डोलकाठीच्या खोबणीत सम्राट डोमिशियनचे नाणे होते, आणि त्यावर हाती सुकाणू घेतलेली भाग्यदेवता. जहाज कोणाचे, सुतार कोण, हे सारे बुडाले. ठेवणाऱ्याने मात्र ते असे ठेवले की, जहाज असेपर्यंत कोणाच्या नजरेस पडू नये.

मेजरसाहेब गेले. गेल्या महिन्यात आम्ही संध्याकाळी तलावाकडे फिरत गेलो, तेव्हा ती होडी पाण्यावर होती. तीत दोन अनोळखी मुले होती. वाऱ्याची झुळूक येताच होडी एका अंगाला कलली, तारा ताणल्या गेल्या, आणि दोघे हसत दुसऱ्या काठावर रेलून बसली. काठीच्या पायाकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत तेथे उभे होतो.