साहेबांचा फोरहँड

रावेतच्या आमच्या सोसायटीत टेनिसचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नवा माणूस आत आला की ॲडमिन त्याला एक फॉर्म पाठवतो: नाव, विंग, लेव्हल, खेळण्याची स्टाइल, आवडता शॉट. मुलं (चाळिशीतले गृहस्थही माझ्या लेखी मुलंच) तो लिफ्टमध्ये उभ्या उभ्या भरून टाकतात. ‘अग्रेसिव्ह बेसलायनर, इनसाइड-आउट फोरहँड.’ ‘ऑल-कोर्ट, बॅकहँड डाउन द लाइन.’ ‘लेव्हल साडेतीन.’ हे साडेतीन म्हणजे अमेरिकेच्या टेनिस संघटनेने आखलेल्या १ ते ७ च्या श्रेणीतलं. आपण साडेतीन की चार, यावर रात्री अकरापर्यंत मेसेज चालतात.

चिंचवडच्या कंपनी कॉलनीत आम्ही खेळायचो तेव्हा आपली स्टाइल आपण सांगायची रीतच नव्हती. ती इतर लोक ठरवायचे, आणि बहुतेक वेळा आपल्या पाठीमागे. सतत स्लाइस मारणारा तो ‘करवत’. ड्रॉप शॉट टाकून गालात हसणारा तो ‘पाकीटमार’. नेटपाशी उभा राहून समोर आलेला चेंडूच तेवढा मारणारा, एरवी इकडची तिकडे न होणारा तो ‘वॉचमन’. मला काय म्हणत ते मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा बदलायला उशीर झाला होता, शिवाय ते खरंही होतं.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, १९६६ मध्ये टेल्को आली, आणि मुंबई रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहत गेले. मोठ्या कारखान्यामागे कॉलनी आणि कॉलनीत रिक्रिएशन क्लब. क्लबात कॅरम, टेबल टेनिस, गणेशोत्सवाचं सामान ठेवायची खोली, आणि कुणा हौशी साहेबाच्या कृपेने एखादं टेनिस कोर्ट. आमचं मुरमावर लाल माती पसरलेलं होतं. पाऊस सुरू झाला की चार महिने त्यावर गवत. दसऱ्याच्या सुमाराला ते खरवडून, पाणी मारून, रोलर फिरवून कोर्ट पुन्हा उभं करायचं. चेंडू कुठे उडेल आणि कुठे बसेल हे त्या वर्षीच्या रोलरवर अवलंबून. पश्चिमेच्या बेसलाइनजवळ एक खोलगट जागा होती. तिथे चेंडू पडला की मेलाच. कॉलनीतले निम्मे ‘हुकमी’ शॉट त्या खड्ड्याचे होते.

पण खेळ घडवायचा तो मार्करने. आज हा माणूस नाहीसाच झाला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कोर्टावर पाणी मारणं, चुन्याच्या रेषा आखणं, नेट ताणणं, रॅकेटला गट भरून देणं आणि ज्याला जोडीदार नसेल त्या मेंबरबरोबर खेळणं, ही त्याची कामं. पगार कारखान्यातल्या हेल्परपेक्षा कमी, आणि खेळ सगळ्या मेंबरांपेक्षा सरस. आमचा मार्कर अनवाणी खेळायचा. साहेबांच्या फोरहँडवर, कमरेच्या उंचीला, दोन पावलं टाकून पोचता येईल असा चेंडू तो पुन्हा पुन्हा द्यायचा. साहेब सणसणीत मारायचे आणि तो मुद्दाम अर्धं पाऊल उशिरा पोचायचा. ‘क्या शॉट है साब!’ अशा रीतीने कॉलनीत एकेका अधिकाऱ्याचा एकेक फोरहँड नावारूपाला आला. त्याच साहेबांशी गुरुवारी डबल्समध्ये गाठ पडली की तो फोरहँड कुठे जायचा कोण जाणे.

गुरुवारच का, तर तो इथल्या औद्योगिक पट्ट्याच्या सुट्टीचा वार. विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून निरनिराळ्या भागांना निरनिराळे वार मिळाले, आमच्या वाट्याला गुरुवार आला. बाकी पुणं कामावर असताना आम्ही पांढरी हाफ पँट घालून ‘थर्टी ऑल’ ओरडत असायचो. डबल्सचेही संकेत होते. जनरल मॅनेजरांच्या डोक्यावरून लॉब टाकायचा नाही. टाकलाच तर तो बाहेर जाईल याची काळजी घ्यायची. अप्रायझलच्या महिन्यात हा संकेत आणखी कडक व्हायचा.

लाकडी रॅकेटचं तोंड साधारण ६५ ते ७० चौरस इंचांचं. आज दुकानात मिळणारी बहुतेक १०० च्या आसपास असतात. त्या छोट्या तोंडाने मनगट फिरवून टॉपस्पिन काढायला गेलं की चेंडू चौकटीवर लागून सरळ कॅन्टीनच्या पत्र्यावर. म्हणून सगळे सपाट मारायचे, नाहीतर कापायचे. पकड हातोडीची, जिला पुस्तकात काँटिनेंटल म्हणतात. टूलरूम आणि फिटर शॉपमधल्या मंडळींना ती शिकवावी लागायची नाही, दिवसभर हात त्याच पकडीत असायचा. त्यांची व्हॉली जन्मजात चांगली होती आणि उंच उडालेल्या चेंडूवर फोरहँड जन्मजात वाईट. खेळून झालं की रॅकेट प्रेसमध्ये घालून चारी स्क्रू आवळायचे, नाहीतर पावसाळी हवेत तिचा पापड. चेंडूंचा डबा उघडणं हा तर समारंभच. चेंडूची लव पार झडेपर्यंत तो खेळायचा, आणि त्यानंतर कॉलनीतल्या पोरांना क्रिकेटला द्यायचा. तशा गुळगुळीत चेंडूवर जोर लावण्यात अर्थ नसतो. जागा शोधावी लागते.

तेव्हा दूरदर्शनवर जे दिसायचं त्यातला रमेश कृष्णन आम्हाला सगळ्यात जवळचा. १९८५ मध्ये १७ वर्षांच्या बेकरने विम्बल्डन जिंकलं तेव्हा कॉलनीत दोन-तीन जणांनी झेप घेऊन व्हॉली मारून पाहिली. मुरमावर गुडघे सोलले आणि तो विषय संपला. रमेश मात्र परवडणारा होता. सर्व्हिस मवाळ, घाई नाही, चेंडू हवा तिथे. त्याच हातांनी त्याने १९८९ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत क्रमवारीत पहिल्या असलेल्या विलँडरला घरी पाठवलं. त्या आठवड्यापासून कॉलनीत ज्याची ज्याची सर्व्हिस मवाळ तो तो स्वतःला रमेश समजू लागला. पुण्याचं पोरगंही विम्बल्डनला चमकलं होतं: १९९२ मध्ये महेश भूपतीबरोबर नितीन कीर्तने ज्युनियर दुहेरीच्या अंतिम फेरीत खेळला. मार्करने ती बातमी शेडच्या भिंतीला चिकटवून ठेवली होती.

मग सगळं हळूहळू सरकलं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी मुळेपलीकडे बालेवाडीचं संकुल उभं राहिलं. पट्ट्याचा भार चाकणकडे झुकला; जर्मन कंपन्या आल्या, २००३ मध्ये टेल्कोची टाटा मोटर्स झाली, आकुर्डीत स्कूटर बनणं थांबलं. कॉलन्या रिकाम्या होत गेल्या आणि वाकड, रावेत, पिंपळे सौदागरला टॉवर आले. माहितीपत्रकात पोहण्याच्या तलावाशेजारी निळं टेनिस कोर्ट. २०१८ ते २०२३ या काळात बालेवाडीला एटीपी स्पर्धाच भरत होती. २०१९ चा अंतिम सामना मी गॅलरीतून पाहिला. अँडरसन आणि कार्लोविच, दोघंही साडेसहा फुटांच्या वर, आणि तिन्ही सेट टायब्रेकला गेले. शेजारचा मुलगा म्हणाला, “काका, रॅली कुठेय?” मी म्हटलं, “बाबा रे, आमच्या वेळीही नव्हती. कारण वेगळं होतं.”

चाकणची मुलं आता रात्री साडेआठला कोर्टावर येतात, कारण त्याआधी नाशिक रस्ता किंवा तळेगावचा रस्ता त्यांना सोडत नाही. दिवे लावून खेळतात. रॅकेट ग्रॅफाइटची, गट पॉलिएस्टरचा, ज्याने १९९७ मध्ये कुर्टेनला पॅरिस जिंकून दिलं आणि ज्याने आमच्या ग्रुपमधल्या निम्म्यांना कोपराचे पट्टे बांधायला लावले. पकड अर्धी फिरवलेली, चेंडू नेटवरून हातभर उंच आणि तरी रेषेच्या आत. आमच्यापेक्षा ही मुलं चांगली खेळतात, यात वाद नाही. पण बाल्कनीतून पाहिलं तर कोण खेळतंय ते ओळखता येत नाही. सगळ्यांचा फोरहँड एकाच व्हिडिओतून आलेला. व्यावसायिक खेळातही हेच झालं. विम्बल्डनने २००१ मध्ये गवत बदललं, आणि २००२ च्या ह्युइट-नालबांदियन अंतिम सामन्यात सर्व्हिस करून नेटकडे धावणारा कुणी उरला नाही.

एक मात्र निखळ सुधारणा. कॉलनीच्या कोर्टावर वहिनी मंडळी फक्त सरबत घेऊन यायच्या. आता आमच्या ग्रुपमधला सर्वांत भरवशाचा बॅकहँड एका आयटीतल्या बाईंचा आहे, दोन हातांचा. हाँगझोच्या आशियाई स्पर्धेत ऋतुजा भोसलेने बोपण्णाबरोबर सुवर्ण मिळवलं त्या संध्याकाळी त्यांनी आम्हा तिघा म्हाताऱ्यांना ओळीने हरवलं. फॉर्ममध्ये ‘आवडता शॉट’ या रकान्यात त्यांनी काही लिहिलेलं नाही.

लिहिणाऱ्यांची गोष्ट निराळी. चाकणच्या एका कारखान्यात वेल्डिंगचे रोबो चालवणारा एक मुलगा आहे, आवडता शॉट ‘इनसाइड-आउट फोरहँड’. त्याच्या मित्राने एका मॅचचा मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि आम्ही तो बसून पाहिला. त्या लाडक्या फोरहँडने त्याने जितके पॉइंट घेतले त्याहून जास्त घालवले. मॅच त्याने जिंकली ती अडचणीत सापडल्यावर एका हाताने कापून टाकलेल्या चेंडूंवर. अस्सल करवत. मी तसं म्हटलं तर तो दुखावला. “तो शॉट नाही काका, तो नाइलाज आहे.” आमचे तर सगळेच शॉट नाइलाजाचे होते, हे त्याला पटवणं मी सोडून दिलं.

यंदा सोसायटीने टेनिस कोर्टावरच पिकलबॉलच्या रेषा मारल्या. ४४ फूट बाय २० फुटांचं ते कोर्ट. एका टेनिस कोर्टात चार सहज मावतात. फळीसारखी बॅट, पकड हातोडीची, नेटपाशी उभं राहायचं आणि जोर न लावता जागा शोधायची. टॉपस्पिनवाली मुलं तिथे चेंडू कुंपणाबाहेर घालवतात, आणि साठी उलटलेला एक जुना वॉचमन पाऊल न हलवता पॉइंट घेत सुटतो. सभेत मी या ठरावाच्या विरोधात मत दिलं. मंगळवार-शनिवार सकाळी साडेसहाची आमची वेळ आहे.