लाकडाचे पान

आपण साहित्याचे लोक कागदाला फारसे मोजत नाही. संहिता म्हणजे शब्द. ती कशावर छापली हा मुद्रकाचा, फार तर संग्राहकाचा प्रश्न. गेली काही वर्षे मी हौसेने व्हिनियरवर, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर, ओळी छापतो आहे, आणि तिथे ही विभागणी टिकत नाही.

भूर्जपत्र ही झाडाची साल. व्हिनियर हे त्याचे अंग. जपानात अशाच पातळ पापुद्र्यात खाद्यपदार्थ गुंडाळतात. त्याला ‘क्योगी’ म्हणतात. या नावात बौद्ध सूत्रांचा उल्लेख आहे, कारण पूर्वी त्यावर सूत्रे लिहीत. म्हणजे लाकडावर लिहिणे ही काही आजच्या हौशी मंडळींची टूम नव्हे.

बाजारात फर्निचरसाठी मिळणारे व्हिनियर साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचे असते. ते रेषांच्या दिशेने सहज चिरते, म्हणून मागे पातळ कागद चिकटवून घ्यावा लागतो. खरी गंमत शाईची आहे. पातळ शाई तंतूंच्या वाटेने पसरते. देवनागरी ओळ तंतूंना समांतर ठेवली, तर शिरोरेषा लांबत जाते आणि दोन शब्दांमधली जागा बुजते. जुन्या पोथीतल्या सलग लेखनासारखे काहीतरी तयार होते. ओळ आडवी घातली, तर शिरोरेषेलाच केस फुटतात. दाट शाईने हे बरेच आवरते, पण मला ते फार आवरावेसे वाटत नाही. झाडाने आपल्या आधीच रेषा ओढून ठेवलेल्या असतात. आपण दुसरे लेखक.

हे ज्याने सर्वांत गंभीरपणे घेतले तो न्यूयॉर्क राज्यातल्या लोव्हिलचा रोमेन बेक हफ. ‘द अमेरिकन वुड्स’ या त्याच्या ग्रंथाचे खंड १८८८पासून निघू लागले. चौदावा खंड त्याच्या मृत्यूनंतर, १९२८ साली, मुलीने पुरा केला. प्रत्येक झाडाचे तीन पातळ छेद (आडवा, त्रिज्येच्या दिशेने आणि वलयांना स्पर्श करणारा) कार्डाच्या खिडक्यांत बसवलेले. उजेडासमोर धरले की लाकूड आरपार दिसते. इथे चित्र नाही, वर्णन दुय्यम. वस्तूच पान झालेली. आणि दोन प्रतींतले छेद तंतोतंत सारखे असणे शक्यच नाही. ‘आवृत्ती’ या शब्दाचे काय करायचे, हे पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी सांगावे! २००२ साली ताशेनने या छेदांची छायाचित्रे ‘द वुडबुक’ या नावाने छापली. ग्रंथ देखणा आहे. पण छायाचित्रामागून उजेड येत नाही.

असो. या ग्रंथात अमेरिकन चेस्टनटही आहे. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये एक बुरशी आढळली आणि अर्ध्या शतकात तिने या जातीची अब्जावधी झाडे मारली. हफने कापायला सुरुवात केली तेव्हा त्या लाकडाची कोणाला अपूर्वाई नव्हती. कुंपणाच्या खांबांना वापरत. आजही जुन्या मुळांतून कोंब येतात, पण मोठे होण्याआधीच बहुतेकांना रोग गाठतो. त्यामुळे त्या काळच्या पूर्ण वाढलेल्या झाडाची वलये पाहायची, तर जुनी तुळई शोधावी लागते, किंवा हफचे ते कार्ड.