आजींचं क्योतो

क्योतोत ऋतू आधी घरात बदलायचा, मग बाहेर. निदान आमच्या घरमालकीण आजी होत्या तोवर तरी. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. जून लागला की आजी कागदी सरकती दारं काढून माळ्यावरची बोरूच्या काड्यांची दारं खाली आणत. तातामीच्या गवती बिछायतीवर वेताची चटई अंथरत, पाय ठेवला की तळवे गार. तिन्ही बाजूंनी डोंगर असलेल्या या खोलगट शहरात जुलै सरता सरता वारा म्हणून फिरकत नाही. मग संध्याकाळी आजी लाकडी बादली आणि ओगराळं घेऊन दारात पाणी शिंपडायच्या. आपला सडाच तो, शेणाविना. शेजारणीच्या हद्दीत जरासं जायचं, फार नाही. फार गेलं तर तिला टोमणा वाटतो, असं त्यांनी मला बजावलं होतं.

चेरीच्या बहरावर इतकं लिहिलं गेलंय की मी काय भर घालणार! शरदात तोफुकुजी मंदिराच्या मेपलला माणसांची रीघ लागे, आजी तिकडे फिरकत नसत. थंडी मात्र त्यांची. बर्फ थोडा, पण गारठा जमिनीतून वर चढतो. कोतात्सूच्या, म्हणजे खालून ऊब देणाऱ्या बुटक्या मेजाच्या, दुलईत पाय घालून त्या संत्री सोलत, साली वाळवत आणि त्या आंघोळीच्या पाण्यात टाकत.

अशाच एका थंडीत त्या गेल्या. त्यापाठोपाठ, २०२१ साली, क्योतोतली चेरी २६ मार्चलाच पूर्ण फुलली, बाराशे वर्षांच्या नोंदींत सर्वांत लवकर. जूनमध्ये दारं बदललीच नाहीत. मुलानं घर विकायला काढलं होतं.

ऑगस्टमध्ये त्यांचा पहिला बोन, म्हणजे पितर घरी येण्याचा सण, आला. आपण पितृपक्षात पितरांना जेवू घालतो. क्योतोत घरी येऊन गेलेल्यांना परतवाटेवर उजेड दाखवतात. १६ ऑगस्टला रात्री आठपासून पाच डोंगरांवर एकामागून एक आगी पेटतात. त्यांतल्या दाइमोंजी डोंगरावर ‘मोठा’ या अर्थाचं अक्षर ७५ ठिकाणच्या आगींनी उमटतं. त्या वर्षी करोनाच्या साथीमुळे तिथे सहाच ठिकाणी आग होती. कामो नदीच्या काठी उभी राहून मी ते सहा ठिपके पुन्हा पुन्हा मोजले. अक्षर काही जुळेना.

२०२२ साली पाचही डोंगर पूर्ण पेटले. काठावर केवढा आनंद होता! मला तो घेता आला नाही. आजींच्या वाट्याला पुरा उजेड यायला हवा होता, असं अजूनही वाटतं.