चार जीबीतलं सेवा केंद्र

राजूर, ८ जुलै २०२५
सकाळपासून झड. दाखले, वसतिगृहाचे अर्ज, सातबारा, सगळ्यांचीच घाई. आमच्या संगणकाला रॅम ४ जीबी. निम्मी विंडोजलाच लागते, उरलेल्यात क्रोम. भाचा गिऱ्हाईकागणिक नवा टॅब उघडतो आणि जुना बंद करत नाही, "परत लागला तर?" म्हणतो. दुपारी माउस हलवला तरी बाण जागचा हलेना.

शिफ्ट-एस्केप दाबून क्रोमचा टास्क मॅनेजर उघडला. निकालाचं एक पान, सकाळपासून कुणी ढुंकूनही न पाहिलेलं, १८० एमबी अडवून बसलेलं. २००८ मध्ये आला तेव्हापासूनच क्रोम टॅबना वेगवेगळ्या प्रोसेस देतो; एक पान कोसळलं तर बाकीची तगावीत म्हणून. त्याचं भाडं रॅममधून जातं.

१० जुलै
सेटिंगमध्ये मेमरी सेव्हर चालू केला. डिसेंबर २०२२ मध्ये आलेली ही सोय पडून असलेलं पान रॅममधून काढून टाकते. वर टॅबचं नाव दिसत राहतं, क्लिक केलं की पान नेटवरून पुन्हा येतं. एज ब्राउझरचे झोपणारे टॅब २०२१ चे. ते पान आधी नुसतं गोठवतात, त्यामुळे चटकन उठतात. फायरफॉक्स विंडोजवर रॅम अगदी संपत आली तरच टॅबना हात लावतो. मला तोच जास्त समजूतदार वाटतो, पण इथली सगळी कामं क्रोमवर बसलेली.

संगणक हलका झाला खरा. पण संध्याकाळी रतनवाडीचे एक बाबा सातबाऱ्यासाठी थांबले होते, तेवढ्यात लाइट गेली. संगणक यूपीएसवर, राउटर मात्र बंद. सातबाऱ्याचा टॅब झोपलेला. उघडला तर कोरा. बाबा म्हणाले, "मगाशी तर दिसत व्हता की!" पावसाळ्यात राजूरला हे रोजचंच. आता पान दिसलं की आधी पीडीएफ उतरवून घ्यायची, मग दुसरं काम.

१२ जुलै
एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरता भरता पोर्टलने बाहेर काढलं. भाचा लगेच, "मामा, तो मेमरी सेव्हर बंद करा." मला पटेना. अर्धवट भरलेला अर्ज, वाजणारा व्हिडिओ, पिन केलेला टॅब यांना क्रोम झोपवत नाही. खात्री करायला तेच पान डोळ्यांसमोर उघडं ठेवलं आणि कशालाच हात लावला नाही. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर! म्हणजे घड्याळ पोर्टलच्या सर्व्हरवरचं. आपल्या रॅमशी त्याचा संबंध नाही. आता कागद स्कॅन करून, आकार कमी करून तयार ठेवायचे आणि मगच लॉगिन करायचं.

१५ जुलै
एका ओळखीच्याने टॅब झोपवणारं एक्स्टेन्शन टाकायचा आग्रह धरला. मी नको म्हटलं. 'द ग्रेट सस्पेंडर' हे असंच लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन होतं. मालक बदलला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गुगलने ते काढून टाकलं. ज्या संगणकावर दिवसभर लोकांची आधार कार्डं आणि पासबुकं उघडतात, तिथे असला पाहुणा कशाला? ब्राउझरमध्ये आहे तेवढं पुरे.

शिष्यवृत्तीचं महाडीबीटी आणि दाखल्यांचं 'आपले सरकार' ही पोर्टलं मेमरी सेव्हरच्या 'कायम जागे' यादीत टाकली. बाकी सगळे झोपोत.

रॅमची दुसरी जागा रिकामी आहे. संगमनेरहून ४ जीबीची पट्टी मागवलीय. ती आली तरी मेमरी सेव्हर चालूच राहील. भाच्याला आठ जीबीसुद्धा पुरायची नाही.